काट्याचं शून्य कोणी दाबायचं

गुरुवार, २५ नोव्हेंबर २००४. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली आहेत. जालन्यात मोंढ्यामागच्या एका भाड्याच्या घरात शिवकन्या म्हस्के कॉम्प्युटरसमोर बसली आहे. ती ‘पब्लिक’ हा शब्द खोडते, त्या जागी ‘प्रायव्हेट’ लिहिते, थोडा वेळ पडद्याकडे बघते आणि पुन्हा ‘पब्लिक’ करते. हे तिसऱ्यांदा झालं आहे. नऊ वाजता या भागातली वीज जाईल. दुपारी मंठ्याहून भुजंग सीडी न्यायला येईल. त्याच्या आधी हा एक शब्द तिला ठरवायचा आहे.

शिवकन्या एकोणतीस वर्षांची आहे. तिने भुईकाट्यासाठी एक लायब्ररी लिहिली आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या भाषेत लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्रामात जोडून घ्यायचा तयार भाग. कापसाचा ट्रॅक्टर काट्याच्या लोखंडी प्लेटवर चढतो, केबिनमधल्या डब्यावर लाल आकडे उमटतात आणि डब्यातून एक तार कॉम्प्युटरला जाते. त्या तारेतून येणारे आकडे धडाधड येतात, हलतात, मध्येच तुटतात. शिवकन्येची लायब्ररी ते वाचते, गाळते आणि वर बसलेल्या प्रोग्रामला सरळ एक वजन देते. पावती छापणं, शेतकऱ्याचं नाव, कापसाची प्रत, हे सगळं ज्याचं त्याने लिहायचं. तारेकडे बघायचं काम तिचं.

लायब्ररीतल्या अशा प्रत्येक कामाला मेथड म्हणतात. शिवकन्येने मेथडींची नावं मराठीतच ठेवली आहेत, फक्त रोमन अक्षरांत: वजनद्या, स्थिरआहेका, शून्यकरा. प्रत्येकीच्या अलीकडे एक शब्द असतो. ‘पब्लिक’ लिहिलं तर बाहेरचा कोणताही प्रोग्राम ती मेथड वापरू शकतो. ‘प्रायव्हेट’ लिहिलं तर ती फक्त लायब्ररीच्या आतल्या आत चालते. एकदा पब्लिक केलेली मेथड पुन्हा प्रायव्हेट केली, तर ती वापरणारा प्रत्येक प्रोग्राम चालायचा बंद होतो. आणि ती कोण कोण वापरतं, हे लिहिणाऱ्याला कळायची काही सोय नसते.

सकाळपासून खोडाखोड चालली आहे ती शून्यकराच्या अलीकडे. ही मेथड डब्याला एकच हुकूम देते: या क्षणी प्लेटवर जे काही आहे, ते शून्य समज.

“अजून तेच का?” आतल्या खोलीतून गोपिकाबाई विचारतात. शिवकन्येची आई. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे पंधरवड्यासाठी केदारखेड्याहून आली आहे, डोळ्यावर काळा चष्मा आहे आणि काम सांगितलेलं नसल्याने वैतागलेली आहे.

“तेच, माय.”

“एका शब्दासाठी इतका टाइम? मला तं दिसत बी न्हाई, तरी तोवर माझ्या शेंगा निवडून झाल्या.”

“निवडल्या का? खडे राह्यले असतील त्यात.”

“राहू दे. जावयाच्या ताटात येतील.”

जावई पहिल्या पाळीला गेले आहेत. ते एका लोखंडाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहेत. घरात दोनच खोल्या, त्यातली पुढची कॉम्प्युटरची. एका भिंतीला टेकून जुना काट्याचा डबा ठेवला आहे. त्याला खाली काटा नाही, फक्त तपासणीपुरता वजनाचा एक सुटा सेन्सर जोडला आहे. शिवकन्या त्याच्याच तारेवर प्रोग्राम तपासते.

हे काम तिच्याकडे आलं ते ठरवून नव्हे. केदारखेड्यात आजोबांची मेंढरं होती. वडील आबारावांनी ती विकून शेती धरली. शिवकन्या भोकरदनला बारावीपर्यंत शिकली, जालन्यात बी.एस्सी. झाली आणि एका क्लासमध्ये सहा महिने कॉम्प्युटर शिकून अण्णासाहेबांच्या दुकानात बिलं टाइप करायला लागली. अण्णासाहेब काटे दुरुस्त करत. किराणा दुकानाच्या तराजूपासून साखर कारखान्याच्या भुईकाट्यापर्यंत सगळे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी काट्यांना कॉम्प्युटर जोडायची मागणी येऊ लागली, तेव्हा अण्णासाहेबांनी डब्याबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका तिच्यापुढे टाकली आणि म्हणाले, “तू सायन्सवाली. बघ, यातून काय निघतंय का.” निघायला दोन महिने लागले. पुढे अण्णासाहेबांनीच सुचवलं की प्रत्येक जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचा, अख्खा प्रोग्राम लिहीत बसण्यापेक्षा तारेचा भाग तेवढा तयार करून तालुक्याच्या कॉम्प्युटरवाल्यांना द्यावा. अण्णासाहेबांचं दुकान आता त्यांचा पुतण्या चालवतो. लायब्ररी शिवकन्येकडे राहिली.

पहिल्या वर्षी तिने फक्त वजनद्या आणि स्थिरआहेका उघड्या ठेवल्या होत्या. बाकी सगळं बंद. मग भुजंगचे फोन सुरू झाले. भुजंग मंठ्यात कॉम्प्युटर क्लास चालवतो आणि तिथल्या एका जिनिंगसाठी त्याने कापसाच्या वजनाचा प्रोग्राम केला आहे. तारेचा वेग बदलायची मेथड उघडा. कच्चा आकडा बघायचाय, तीही उघडा. प्रत्येक वेळी नवी सीडी, प्रत्येक वेळी मंठ्याची एसटी. शेवटी एकदा तो हसत म्हणाला, “ताई, आमच्यापासून झाकून काय ठेवता? आम्ही काय चोर हाव का?”

ते वाक्य शिवकन्येला लागलं. त्याच दिवशी तिने सगळ्या मेथडी पब्लिक करून टाकल्या.

ती जिथे वाढली तिथे हे स्वाभाविक होतं. केदारखेड्याला त्यांची विहीर चार भाऊबंदांत सामाईक आहे. विहिरीवर मोटारीच्या स्टार्टरची पेटी आहे आणि तिला कधीच कुलूप नव्हतं. एके वर्षी चुलतकाका सांडू आत उतरून मोटारीची वायर जोडत होता आणि वरून कुणीतरी, पाणी का येत नाही म्हणून, हिरवं बटण दाबलं. सांडूकाका वाचला, उजव्या हाताची पकड गेली. त्यानंतरही पेटीला कुलूप लागलं नाही. आबाराव म्हणाले होते, कुलूप लावलं तर किल्ली कोणाकडे ठेवायची यावरून चार घरांचं बोलणं बंद होईल. आजही ती पेटी उघडी आहे. फक्त विहिरीत उतरणारा माणूस आधी फ्यूज काढून खिशात घालतो.

*

गेल्या आठवड्यात मंठ्याच्या जिनिंगवर भांडण झालं. कडूबाई नावाच्या शेतकरीण बाईंचा कापूस भाड्याच्या ट्रॅक्टरने आला होता. ट्रॅक्टरवाला क्विंटलवर भाडं घेतो, म्हणून त्याने वाटेतल्या दुसऱ्या काट्यावर भरलेल्या ट्रॅक्टरचं वजन करून चिठ्ठी घेतली होती. जिनिंगच्या काट्यावर तेच वजन दोन क्विंटल साठ किलोनं कमी भरलं. मेकॅनिक आला, त्याने ठरावीक वजनं ठेवून काटा तपासला. काटा बरोबर निघाला. रिकाम्या ट्रॅक्टरचं वजन दोन्ही काट्यांवर जवळपास सारखंच होतं. भुजंगने जालन्याला फोन लावला आणि सांगितलं, लायब्ररीत घोळ आहे.

काल, बुधवारी, शिवकन्या सकाळच्या एसटीने मंठ्याला गेली आणि काट्याच्या केबिनमध्ये बसून राहिली.

केबिनमध्ये भिवा असतो. तो काटा चालवतो, म्हणजे कॉम्प्युटरवर नाव टाकतो, ‘नवीन वजन’ दाबतो आणि पावती फाडून देतो. खिडकी त्याच्या पाठीशी आहे. शिवकन्येची खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती, कारण दुसरीकडे जागाच नव्हती.

नोव्हेंबरात मंठ्याला सकाळी चांगली थंडी असते. भुईकाट्याची प्लेट लोखंडी, काळी, उघड्यावर. आठ वाजेपर्यंत ती उन्हाने कोमट होते. आवारात तेवढी एकच जागा कोरडी आणि सपाट. हमाल तिच्या कडेला पाय खाली सोडून बसतात, चहा पितात, तंबाखू मळतात. ट्रॅक्टर फाटकातून आत वळला की उठतात.

“प्लेट काय सोफा हाय का रे?” भिवा न वळताच ओरडला. रोज ओरडत असावा.

“सोफा असता तं घरीच बसलो असतो की,” बाहेरून उत्तर आलं.

पहिला ट्रॅक्टर फाटकात थांबला. ड्रायव्हरने नाव सांगितलं, भिवाने ते टाइप केलं आणि ‘नवीन वजन’ दाबलं. डब्यावरचे लाल आकडे दोनशे सत्तरवरून शून्यावर आले. बाहेर चार हमाल उठले, कपडे झटकले, बाजूला झाले. डब्यावर उणे दोनशे सत्तर दिसलं. मग ट्रॅक्टर चढला आणि आकडे धावू लागले. उणे आकडा जेमतेम चार सेकंद होता. त्या चार सेकंदांत केबिनमधला आणि बाहेरचा प्रत्येक माणूस ट्रॅक्टरकडे बघत होता.

शिवकन्येने भिवाला विचारलं, “हे ‘नवीन वजन’ दाबलं की आधी शून्य होतं का?”

“होतं ना. भुजंगसरनं केलंय तसं. चाकाची माती पडती प्लेटवर, मंग रिकाम्या काट्यावर पन्नास-साठ दाखवतं. मालक बघतो अन् बोंबलतो. आता कसं, दर गाडीला साफ.”

“आणि रिकाम्या गाडीचं वजन करताना?”

“तवाबी. दोन्ही टायमाला.”

“त्या वेळी हमाल कुठे असतात?”

भिवाने पहिल्यांदा मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. हमाल ट्रॉलीमागे कापसाच्या गंजीकडे निघाले होते. रिकामी गाडी परत येईल तेव्हा ते गंजीवर असणार होते आणि प्लेट मोकळी असणार होती. म्हणजे भरलेलं वजन दोनशे सत्तर किलोनं कमी आणि रिकामं वजन बरोबर. वजाबाकीत तेवढा कापूस नाहीसा. कुणीही लबाडी केलेली नव्हती. डब्याला माणसं आणि माती यांतला फरक कळत नाही. काही शे किलोपर्यंत जे असेल ते तो मुकाट्याने शून्य मानतो.

दुसऱ्या गाडीबरोबर कडूबाई स्वतः आल्या होत्या. त्या केबिनच्या दारात उभ्या राहिल्या.

“तूच का ती कॉम्प्युटरवाली बाई?”

“हो, मावशी.”

“मंग सांग, माझा कापूस रस्त्यानं वाळला का उडून गेला?”

“कापूस बराबर होता, मावशी. चूक आमची हाय.”

कडूबाईंना हे अपेक्षित नव्हतं. त्या भांडायच्या तयारीने आल्या होत्या आणि ती तयारी वाया गेली. मग म्हणाल्या, “बोलायला काय जातं. लिहून दे.”

शिवकन्येने लिहून दिलं. जिनिंगच्या मॅनेजरने कडूबाईंचं वजन दुरुस्त केलं, कारण त्यांच्याकडे दुसऱ्या काट्याची चिठ्ठी होती. बाकीच्यांकडे ती नाही. दसऱ्यापासून रोज सकाळच्या गाड्या याच पद्धतीने मोजल्या गेल्या आहेत. कोणत्या गाडीच्या वेळी प्लेटवर किती माणसं बसली होती, हे कुणालाच सांगता येत नाही. भिवा म्हणाला, “कधी दोघं, कधी सहा. अन् दुपारी उन्हात कोण बसतंय? तवा कुणीच न्हाई.” हे ऐकून शिवकन्येला बरं वाटायला हवं होतं. परतीच्या एसटीत तिला फक्त सकाळच्या गाड्याच आठवत राहिल्या.

निघताना तिने हमालांना प्लेटवर बसू नका म्हणून सांगितलं. ते उठले. ती फाटकापर्यंत पोचून मागे वळली तेव्हा दोघं पुन्हा बसले होते.

*

म्हणून गुरुवारची सकाळ ही अशी. शून्यकरा उघडी ठेवली, तर भुजंगचा प्रोग्राम उद्याही ‘नवीन वजन’ दाबल्यावर तेच करणार. शिवाय आज नेलेली सीडी तो आणखी तीन जिनिंगवर टाकणार आहे. बंद केली, तर भर सीझनमध्ये त्याचा प्रोग्राम पहिल्या गाडीलाच अडकणार आणि फाटकात ट्रॅक्टरांची रांग लागणार. रांगेतला प्रत्येक माणूस भुजंगला शिव्या देईल, आणि भुजंग शिवकन्येचं नाव सांगेल.

तिसरा एक मार्ग होता. मेथडीचं नाव तसंच पब्लिक ठेवायचं आणि आतून तिला रिकामी करायची. प्रोग्राम म्हणेल शून्य कर, लायब्ररी म्हणेल केलं, आणि प्रत्यक्षात काहीच करणार नाही. कुणाचा प्रोग्राम अडकणार नाही, कुणाला कळणारही नाही. आठ वाजता तिने तसं करून पाहिलं. चाललं. जुन्या डब्याचा सेन्सर बोटाने दाबला, आकडा आला, शून्य झाला नाही, पडद्यावर मात्र ‘शून्य केले’ असं उमटलं. त्या वाक्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने ते सगळं पुसून टाकलं. जी लायब्ररी एका ठिकाणी न केलेलं केलं म्हणते, तिचं वजनद्या तरी कुणी का खरं मानावं, एवढाच तिचा मुद्दा होता.

पावणेनऊला तिने सगळी यादी पुन्हा वरपासून घेतली. वजनद्या, पब्लिक. स्थिरआहेका, पब्लिक. तारजोडलीका, पब्लिक. वेगबदला, पब्लिक, ती उघडून कुणाचं नुकसान होत नाही. कच्चा आकडा, पब्लिक, तो नुसता बघायचा असतो. गाळणी, प्रायव्हेट. मागचा आकडा पुसायची, प्रायव्हेट. अशी ती खाली येत गेली आणि शून्यकरापाशी थांबली.

लायब्ररी स्वतः सुरू होताना, सकाळी एकदा, शून्यकरा वापरते. ती ओळ शिवकन्येनेच पाच वर्षांपूर्वी लिहिली होती. काटा सकाळी आठला सुरू होतो. आठला हमाल कुठे असतात, हे तिने काल बघितलं होतं. म्हणजे दोष नुसता भुजंगच्या बटणात नव्हता. तिने ती ओळही काढली. वीज गेली तेव्हा पडद्यावर शेवटचा शब्द ‘प्रायव्हेट’ होता. सेव्ह केलेला होता की नाही, याची तिला खात्री नव्हती. अकराला वीज आली आणि तिने आधी तेच उघडून पाहिलं. होता.

*

भुजंग साडेबाराला मोटारसायकलवर आला, मफलर कानाला बांधून. शिवकन्येने आधी त्याला पाणी दिलं.

“सीडी तयार हाय ना ताई? मला जल्दी निघायचंय.”

“तयार हाय. पण शून्यकरा बंद केलीय.”

“बंद म्हंजे?”

“प्रायव्हेट.”

भुजंग हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला. “ताई, माझा प्रोग्राम चालूच होणार न्हाई.”

“माहीत आहे.”

“माझ्या प्रोग्रामात चूक न्हाई. तुम्ही मेथड दिली, मी वापरली. बराबर का न्हाई?”

“बराबर. मी द्यायला नको होती.”

“दिलेली परत घेता? सीझन चालू असताना? होळीपर्यंत राहू द्या, मंग खुशाल कुलूप लावा.”

“होळीपर्यंत किती सकाळी आहेत, भुजंगभाऊ?”

“हमालांना हाकलू की. दोरी बांधू प्लेटला.”

“काल सांगून पाह्यलं. मी फाटकात जायच्या आत परत बसले. आणि दोरी सोडवून ट्रॅक्टर घ्यायचा कोणी, भिवाभाऊंनी? ते खिडकीकडे पाठ करून बसतात.”

“मंग मातीचं काय? मालकाला रिकाम्या काट्यावर साठ किलो दिसलं की माझा जीव घेतो तो.”

“माती राहिली तर दोन्ही वजनांत येते. भरलेल्यातबी अन् रिकाम्यातबी. वजाबाकीत जाती निघून. शून्य करायची गरजच न्हाई.”

“हे मला कळतं. मालकाला कोण सांगंल? तुम्ही येता का?”

“येते.”

आतून गोपिकाबाईंचा आवाज आला, “अगं, पाहुण्याला च्या तं दे. भांडा नंतर.”

“भांडण न्हाई मावशी,” भुजंग मोठ्याने म्हणाला, “तुमची पोरगी माझ्या घराला भाईरून कडी लावून राह्यली, एवढंच.”

“लावली असंल तं काहीतरी आत शिरलं असंल.”

भुजंगने मफलर सोडला, पिशवीतून आपल्या प्रोग्रामाची सीडी काढली आणि खुर्ची ओढून घेतली. पुढचे तीन तास दोघं त्याच्या प्रोग्रामात शून्यकरा शोधत होते. भुजंगच्या आठवणीप्रमाणे ती दोन ठिकाणी होती. सापडली सात ठिकाणी. एका ठिकाणी तर पावती पुन्हा छापतानाही शून्याचा हुकूम जात होता, गाडी काट्यावर उभी असली तरी. “हे मी कधी लिहिलं?” असं भुजंग स्वतःशीच म्हणाला आणि ओळ पुसली. सकाळी प्रोग्राम सुरू होताना दिसेल अशी एक सूचना त्याने पडद्यावर टाकली: काटा रिकामा आहे का ते खिडकीतून बघा, मग डब्याचं शून्याचं बटण हाताने दाबा. भिवाला त्यासाठी आता खुर्चीवरून उठावं लागेल. डबा खिडकीच्या बाजूला आहे.

चारच्या सुमाराला नवी सीडी तयार झाली. जुनी आणि नवी लायब्ररी एकमेकींत मिसळू नये म्हणून शिवकन्येने नवीला वेगळं नाव दिलं. मग तिने जो प्रश्न सकाळपासून टाळला होता, तो विचारला.

“जुनी सीडी अजून कोणाला दिलीय?”

“कोणालाच न्हाई.” भुजंगने मफलर उचलला, पुन्हा ठेवला. “एक दोस्त हाय. कचरू. शहागडला हायवेच्या काट्यावर त्यानं प्रोग्राम बसवलाय. त्याला दिल्ती. मागच्या वर्षी.”

“आणि त्याने कोणाला?”

“ते मला काय माहीत, ताई.”

भुजंगने आपल्या मोबाइलवरून फोन लावला आणि तो तिच्या हातात दिला. पलीकडे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. तिने नाव सांगितलं, काम सांगितलं.

“शून्यकरा? वापरतो ना,” कचरू म्हणाला. “लई कामाची चीज हाय. दर ट्रकला वापरतो.”

“ट्रक चढायच्या आधी?”

“हां. आधी.”

“त्या वेळी प्लेटवर कोणी असतं का?”

“कोण असणार? क्लीनर असतो एखादा. ट्रकला पुढं घे, मागं घे करतो. वाळूवाले असले तं दोघं-तिघं.”

“ते प्लेटवर उभे राहतात का खाली?”

“बघावं लागंल, ताई,” कचरू म्हणाला. “आमच्या खिडकीची काच धुळीनं भरलीय. आतून काही दिसत न्हाई.”

“ते बटण दाबू नका. मी उद्या येते, तोवर दाबूच नका.”

“मी सांगतो ऑपरेटरला. पण ताई, ते बटण न्हाई. प्रोग्राम आपोआप करतो.”

“मग प्रोग्राम बंद ठेवा.”

“काटा कसा बंद ठेवू?” कचरूने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. “आणि ज्यांना मी सीडी पुढं दिली त्यांचं काय?”

“कोणाला दिली?”

“आठवून सांगतो.”

शिवकन्येने फोन भुजंगला परत दिला. मंठ्याची सीडी त्याने शर्टाच्या आत ठेवली आणि उजेड आहे तोवर निघाला. शिवकन्येने आणखी एक सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली, शहागडसाठी. मग थोडा विचार करून कोऱ्या सीडींची सगळी चवड जवळ ओढली.

शहागडचा काटा हायवेवर आहे आणि तो बंद नसतो. तिथल्या ऑपरेटरची पाळी उद्या सकाळी सहाला बदलेल, त्याच्या आधी तिला तिथे पोचायचं आहे.